ठाण्याहून ब्रेबॉर्न : एका स्कोअररबाईचा अभिप्राय

मुंबईतली क्रिकेटची मैदानं दाखवणारी ही सहल जरूर घ्यावी, नाश्ता घरून करून जावं, आणि बसमध्ये वाटतात तो माहितीचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकावा, वाचू नये. घाईत असलेल्यांचं एवढ्यावर भागेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण माणशी बाराशे रुपये ही काही चण्याफुटाण्यांची रक्कम नाही.

ठाण्यातली तीन-चार तरुण मुलं मिळून ही सहल काढतात. रविवारी सकाळी तीन हात नाक्यावरून मिनीबस निघते, बॉम्बे जिमखाना, ओव्हल मैदान, ब्रेबॉर्न आणि वानखेडे स्टेडियम दाखवते आणि दुपारी दोन-अडीचपर्यंत परत आणून सोडते. त्यांचं नाव मुद्दामच लिहीत नाही. धंदा नवा आहे, उणिवा सुधारण्याजोग्या आहेत आणि मुलं ऐकून घेणारी आहेत.

मी कोपरीला राहते. नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं स्कोअरिंग केलं, म्हणजे सामन्यांत चेंडूगणिक धावांची नोंद ठेवली. टाइम्स शील्ड ही कंपन्यांच्या संघांची स्पर्धा, शालेय सामने, आझाद मैदानावरचं तंबूतलं डुगडुगणारं टेबल आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वहीवर ठेवलेला दगड. त्यामुळे कोणी क्रिकेटचा इतिहास सांगायला लागलं की आकडा बरोबर आहे का, इकडेच कान जातो. भाच्याला हे माहीत आहे, म्हणून त्याने तिकीट काढून दिलं, आणि सोबत म्हणून माझ्या नणंदेचंही. वन्सं पाचपाखाडीला असतात. क्रिकेटमध्ये त्यांना गावसकर आणि ‘आपला सचिन’ यापलीकडे रस नाही. हे सांगायचं कारण असं की ही सहल फक्त क्रिकेटवेड्यांसाठी आहे का, याचा निकाल माझ्यापेक्षा त्यांच्या तोंडूनच जास्त खरा मिळतो.

बस वीस मिनिटं उशिरा आली. तक्रार केली तर उत्तर मिळालं, “काकू, रविवार आहे ना.” रविवारी रस्ते मोकळे असतात, हे बहुधा ड्रायव्हरला कोणी सांगितलं नव्हतं. नाश्ता म्हणजे प्लास्टिकच्या डबीतले गार पोहे आणि पातळ चहा. ठाण्यासारख्या गावातून निघून गार पोहे खायला घालायला धाडसच लागतं. मिसळीच्या दुकानापुढे दहा मिनिटं बस उभी केली असती तर कोणी नको म्हटलं नसतं. माइकचं शिट्टी मारणं घाटकोपरपर्यंत चाललं, मग वन्संनीच सांगितलं की बाळा, तो बंद कर, तुझा आवाज खणखणीत आहे. खरोखरच होता.

आता मुख्य गोष्ट, गाईड. कळव्याचा पंचविशीतला मुलगा. पाठांतर करून आलेला नाही, वाचून आलेला आहे, हे पहिल्या थांब्यावरच कळलं. बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी उभं करून त्याने १९३३ सालच्या डिसेंबरातला भारतातला पहिला कसोटी सामना सांगितला. कर्णधार इकडे सी. के. नायडू, तिकडे जार्डिन. लाला अमरनाथांचं पदार्पणातलं शतक, ११८. सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला. हे सगळेच सांगतात. त्यापुढे तो म्हणाला, की ज्या जिमखान्यावर हा सामना झाला तिथे भारतीय माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. मग त्याने पळवणकर बाळू आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याबद्दल सांगितलं. बाळू हा त्या काळातला सर्वांत मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज, पण जातीमुळे हिंदू संघाचं (तेव्हा संघ धर्मवार असत) कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२३ मध्ये विठ्ठलना मिळालं आणि त्यांनी युरोपियनांना हरवून दाखवलं. वन्सं इथे पहिल्यांदा गप्प झाल्या. मला वाटलं कंटाळल्या. तर म्हणाल्या, “वहिनी, हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं?”

ओव्हलवर थांबा होता दहा मिनिटांचा, तो फोटोंतच गेला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

ब्रेबॉर्नला मात्र तासभर काढला, आणि बाराशे रुपये वसूल झाले ते इथे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण जाहिरातीत ‘स्टेडियम दर्शन’ असं लिहिलंय आणि आमच्या बसमधले दोघे-तिघे त्यावरून रुसले. आत नेत नाहीत. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सभासदांचं आहे. कोणालाही तिकीट काढून आत शिरता येत नाही. दर्शन घडतं ते बाहेरून. दिनशा वाच्छा रोड, केसी कॉलेजची बाजू, मग वळसा घालून वीर नरीमन रोड. जाहिरातीत ही गोष्ट ठळक लिहायला हवी. फुटपाथवर उभं राहून ऐकायचं असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी घडीचं स्टूल नेलं तर बरं.

गाईडने सुरुवात जमिनीपासून केली. क्लब स्थापन झाला १९३३ मध्ये, लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरच्या एमसीसीच्या, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या धर्तीवर. जागा मात्र नव्हती. तेव्हा बॅकबेला समुद्र हटवून नवी जमीन काढणं चाललं होतं. क्लबचे सचिव अँथनी डिमेलो गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्नकडे गेले आणि त्यांनी विचारलं, की खेळाडूंकडून सरकारसाठी पैसे हवेत की स्वतःसाठी अमरत्व? गव्हर्नरसाहेबांनी अमरत्व निवडलं. नव्वद हजार चौरस यार्डांच्या आसपास जागा मिळाली, भाव साडेतेरा रुपये यार्ड. चर्चगेटला, साडेतेरा रुपये! हा आकडा ऐकून आमच्या बसमधले सगळे एकदम जागे झाले. सध्या घोडबंदर रोडला फ्लॅट शोधणारं एक जोडपं होतं, ते तर हसत सुटलं. २२ मे १९३६ रोजी ब्रेबॉर्ननेच कोनशिला बसवली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी नव्या गव्हर्नरने, सर रॉजर लम्लीने, उद्घाटन केलं. त्या दिवशी इंग्लंडहून आलेल्या लॉर्ड टेनिसनच्या संघाशी क्लबचा सामना होता. आराखडा ग्रेगसन, बॅटली अँड किंगचा, बांधकाम शापूरजी पालनजींचं. देशातलं हे पहिलं पक्कं क्रिकेट स्टेडियम. तोवर सामने मैदानात कनाती आणि तात्पुरते मांडव घालून होत.

इथेच कागदाची गोष्ट सांगून टाकते. त्यात उद्घाटनाची तारीख २२ मे १९३६ छापली आहे. कोनशिला आणि उद्घाटन यांत दीड वर्षाचं अंतर आहे. पुढे वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ धावांच्या जागी २२४ आहेत आणि ब्रेबॉर्नवर १७ कसोटी झाल्या असं लिहिलंय, त्या आहेत १८. गाईड तोंडी बरोबर सांगत होता, कागद चूक बोलत होता. मी तिन्ही ठिकाणी पेनाने दुरुस्त्या करून कागद त्याला परत दिला. त्याने मुकाट्याने खिशात ठेवला.

खेळाच्या गोष्टींत त्याची निवड चांगली आहे. १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांचा, म्हणजे धर्मवार पाच संघांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना, हिंदू विरुद्ध रेस्ट (उरलेल्या समाजांचा संघ). विजय मर्चंटचे नाबाद २५०, हिंदूंचे ५ बाद ५८१. रेस्टचा पहिला डाव १३३ आणि फॉलोऑननंतरचा, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावं लागल्यावरचा, ३८७. त्या ३८७ पैकी ३०९ एकट्या विजय हजारेंचे. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी झाली, त्यात विवेकचे २१. आणि एवढं करून सामना हरले, डावाने आणि ६१ धावांनी. मुलाने हे सांगताना मध्ये दम घेतला नाही, आणि ऐकणाऱ्यांनीही घेतला नाही. त्या दिवसाचं स्कोअरबुक माझ्यासमोर असतं तर हजारेंच्या नावापुढच्या रकान्यातली जागा संपली असती आणि खालच्या माणसाच्या ओळीत शिरावं लागलं असतं.

१९४९ च्या फेब्रुवारीतली कसोटी मात्र त्याने दोन वाक्यांत उरकली, याचं मला वाईट वाटलं. म्हणून इथे लिहिते. वेस्ट इंडिजने भारतापुढे ३६१ धावांचं आव्हान ठेवलं होतं. तोवर आपण एकही कसोटी जिंकलेलो नव्हतो. हजारेंनी १२२ काढल्या, दत्तू फडकर शेवटी ठाण मांडून होते. ८ बाद ३५५ वर सामना थांबला. सहा धावा कमी. वेळ दीड मिनिट शिल्लक होता आणि चालू षटकातला एक चेंडूही टाकायचा राहिला होता, पण गडबडीत पंचांनी यष्ट्यांवरच्या बेल्स उचलून खेळ संपवला. दोन स्कोअरर मांडीला मांडी लावून बसलेले असतात ते कशासाठी? चेंडू मोजण्यासाठीच ना? पण तंबूतून ओरडून काही होत नाही, पंच म्हणतील ते प्रमाण. आयुष्यभर हे अनुभवलेल्या माणसाला त्या सामन्याबद्दल तासभर बोलता येईल. भारताला पहिल्या कसोटी विजयासाठी मग १९५२ पर्यंत, चेन्नईपर्यंत थांबावं लागलं.

१९६० मध्ये आपला फलंदाज अब्बास अली बेगच्या गालाचा भर मैदानात एका मुलीने मुका घेतला, हा किस्सा त्याने रंगवून सांगितला. वन्संना हाच सगळ्यांत आवडला. १९६९ चाही चांगला सांगितला. नोव्हेंबर महिना, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं आणि प्रेक्षक भडकले. बाटल्या आल्या, खुर्च्या पेटल्या, मैदानावर धूर. तरी खेळ चालूच ठेवला होता, थांबवला असता तर जमाव आवरला नसता. धुरातून पंचांचे हात कसे दिसत असतील आणि धावा कोण कशा मांडत असेल, या विचाराने मला तिथे फुटपाथवर घाम फुटला.

आणि १९७३ चा फेब्रुवारी, इंग्लंडविरुद्धची कसोटी. आधीच्या कानपूर कसोटीत सलीम दुराणीला वगळलं म्हणून मुंबईत ‘दुराणी नाही तर कसोटी नाही’ असे फलक लागले होते. मग इथे तो खेळला, ७३ आणि ३७. षटकार मागा, षटकार घ्या. विश्वनाथचं शतक झाल्यावर साडेसहा फुटी टोनी ग्रेगने त्याला तान्ह्या बाळासारखं हातांवर उचलून झुलवलं. आमचे वडील त्या सामन्याला एका दिवसासाठी गेले होते आणि पुढे कितीतरी वर्षं जेवताना ग्रेगचीच नक्कल करायचे. त्यानंतर ब्रेबॉर्नवर कसोटी झाली ती थेट २००९ मध्ये.

मधली ३६ वर्षं का गेली, हा या सहलीचा गाभा आहे, आणि गाईडने तो चोख सांगितला. मैदान क्लबचं, सामना भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, आणि तिकिटं कोणाला किती यावरून दर वेळी वाद. असोसिएशनला स्वतःच्या संलग्न क्लबांना, खेळाडूंना द्यायला जागा पुरत नसत, आणि क्लब सभासदांच्या खुर्च्या सोडायला तयार नसे. क्लबच्या बाजूला विजय मर्चंट, असोसिएशनच्या बाजूला बॅरिस्टर शेषराव वानखेडे, जे तेव्हा विधानसभेचे अध्यक्षही होते. एक सर्वोत्तम फलंदाज, दुसरा मुरलेला राजकारणी. तडजोड झाली नाही. वानखेडेंनी ब्रेबॉर्नपासून पायी दहा मिनिटांवर, रेल्वे रुळांना चिकटून दुसरं स्टेडियम उभं केलं. वास्तुरचनाकार शशी प्रभू. वर्षभराच्या आसपास बांधकाम उरकलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजची कसोटी झालीसुद्धा. लॉइड नाबाद २४२, तो हाच सामना. आपल्याकडून एकनाथ सोलकरचं शतक. सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानावरच्या खोलीत वाढलेला. नव्या स्टेडियमवर भारताचं पहिलं शतक त्याच्या नावावर लागलं, हे गाईडने सांगितलं तेव्हा आमच्या अख्ख्या घोळक्याने टाळ्या वाजवल्या. चर्चगेटच्या फुटपाथवर, सकाळी अकरा वाजता. येणारी-जाणारी माणसं बघत राहिली.

पण एक दुवा त्याच्याकडून सुटला होता, आणि तो मी बसमध्ये त्याला सांगितला. खुर्च्यांचं भांडण सत्तरीत सुरू झालं नाही. स्टेडियम उघडलं त्याच हंगामात, १९३७ मध्ये, पंचरंगी सामने पहिल्यांदा इथे भरले, आणि हिंदू जिमखान्याने अंगच काढून घेतलं. कारण काय, तर त्यांच्या वाट्याला आलेल्या जागा पुरेशा नव्हत्या. म्हणजे ब्रेबॉर्नचा पहिला हंगाम बसायच्या जागेवरून बिघडला आणि ३६ वर्षांनी मोठं क्रिकेटही त्याच कारणाने इथून उठून गेलं. इतकं देखणं मैदान. बाहेरून आलेल्या संघांना क्लबच्याच खोल्यांत उतरायची सोय, सज्जात बसून सामना बघावा असा थाट. आणि तो कोणी बघायचा यावर पहिल्या दिवसापासून एकमत नाही. मुलाने हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि विचारलं, “काकू, पुढच्या वेळी तुम्ही याल का बोलायला?” मी म्हटलं, पोहे गरम असतील तर येईन.

वानखेडेपाशी तो थोडा घसरला. १९८७ ची हरलेली उपांत्य फेरी, २०११ चा विश्वचषक, धोनीचा षटकार. हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेलं आहे, त्यासाठी बस नको. त्याऐवजी त्याने मागे वळून ब्रेबॉर्नचं २००९ सांगायला हवं होतं. श्रीलंकेविरुद्ध सेहवाग दुसऱ्या दिवसअखेर नाबाद २८४, तिसऱ्या दिवशी सकाळी २९३ वर झेल आणि गोलंदाज दोन्ही मुरलीधरन. २५४ चेंडू, ४० चौकार, ७ षटकार. भारत ९ बाद ७२६ आणि सामना एक डाव व २४ धावांनी जिंकला, कसोटीत पहिला क्रमांक आला. वानखेडेवर २०११ च्या विश्वचषकासाठी काम चाललं होतं, म्हणून सामना जुन्या घरी आला होता. हा धागा हाताशी असताना धोनीचा षटकार कशाला? आणि २०१३ मध्ये महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ब्रेबॉर्नवरच झाला, ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडिजला ११४ धावांनी हरवलं. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला अंतिम सामनाही तिथेच, मुंबईने दिल्लीला हरवलं. साडेचार तासांच्या सहलीत बाई आली ती फक्त मुका घेणारी. हे मी त्याला स्वच्छ सांगितलं. बसमधल्या दोन मुली, शाळेच्या संघात खेळणाऱ्या, मागच्या सीटवरून “हो ना काकू” म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर प्रश्नोत्तरं आणि एक प्रश्नमंजूषा असते, बक्षीस म्हणून टेनिसचा चेंडू. वन्संना मिळाला. प्रश्न होता यार्डाला किती रुपये.

काही व्यवहाराच्या गोष्टी. स्वच्छतागृहाचा थांबा एकच आहे, चर्चगेट स्टेशनात, आणि तोही शेवटाकडे, तेव्हा ज्येष्ठांनी बेताने पाणी प्यावं. मुलांना तिकीट अर्धं आहे, पण दहा वर्षांखालची पोरं फुटपाथवर तासभर टिकत नाहीत, आमच्या बसमधलं एक टिकलं नाही. पावसाळ्यात ही सहल घेऊ नये, छत्र्यांच्या गर्दीत काही ऐकू येणार नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम. जाताना डावीकडच्या खिडकीत बसावं, ईस्टर्न फ्रीवेवरून गोदीचा भाग छान दिसतो. बस नको असेल तर मैदानांपर्यंत लोकलने येऊन सामील होता येतं, दोनशे रुपये कमी घेतात, हे ते आपण होऊन सांगत नाहीत, विचारावं लागतं.

आणखी एक सूचना आयोजकांना केली आहे. निघायच्या आधी दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहापाशी पाच मिनिटं थांबा. ठाणेकरांची सहल आहे, आपल्या गावात स्टेडियम आहे, २०२२ च्या आयपीएलमध्ये संघ सरावाला तिथे येत होते. बसमधल्या निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं. तिथे बसायला जागाही आहे, गार पोहे निदान बसून खाता येतील.

वन्संचा निकाल: पुन्हा येईन, पण ओव्हलवर जास्त वेळ हवा, झाडं छान आहेत. माझा निकाल: पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण नाश्त्याचा कापला, एक पुरता कागदाचा.